जिवंत माणसाने फोन करावा

आभाररावाला त्याच्या स्वतःच्याच कायद्यानं पहिल्यांदा फोन केला, तेव्हा तो विधिमंडळ समितीच्या अध्यक्षबाईंच्या दालनाबाहेरच्या खुर्चीत बसून इस्पिकच्या राणीची वाट पाहत होता. राणी आली नाही, फोन आला. पडद्यावरचे पत्ते जागच्या जागी थिजले, त्यांच्यावर राखाडी झापड आली आणि एक अनोळखी नंबर हातात थरथरायला लागला. समोरच्या टेबलामागून बाईंच्या सहायकानं मान वर केली. "घ्या की फोन," तो म्हणाला, "इथं बंदी फक्त मोठ्यानं बोलायला आहे, आणि तुम्ही तर जन्मात कधी मोठ्यानं बोलला नाहीत."

"सर, खेळाच्या कंपनीकडून बोलतेय," मुलीचा आवाज होता. त्याच्यामागं आणखी पुष्कळ आवाजांची गुणगुण, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. "तुम्ही सलग बराच वेळ खेळताय, म्हणून नियमाप्रमाणं फोन केलाय. तीनच प्रश्न आहेत, पटकन होतील. जेवलात का?"

आभारराव खुर्चीत सावरून बसला. वाक्य त्याचं होतं. त्यानं लिहिलं तेव्हा ते 'सदर व्यक्तीने भोजन केले आहे किंवा कसे' असं होतं, कारण कायद्यात कुणी जेवत नाही, भोजन करतं. पण होतं त्याचंच. आपला शर्ट रस्त्यावर भलत्याच माणसाच्या अंगात दिसावा आणि तो त्याला आपल्यापेक्षा बरा दिसावा, तसं झालं.

"जेवलो," तो म्हणाला.

"काय जेवलात?"

"हे कायद्यात नाही."

"नाहीये सर. पण सगळेच नुसतं हो म्हणतात आणि घोटभर पाणी पिऊन परत डावावर बसतात. मग थोड्या वेळानं आम्हालाच पुन्हा फोन लावावा लागतो. म्हणून आम्ही आपलं विचारून घेतो."

जेवला तो नव्हताच. सकाळी उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकलं होतं, ते गोड होतं की तिखट हेही आठवेना. "सकाळी खाल्लंय थोडं," तो म्हणाला.

"सकाळचं धरत नाही सर. असू दे. झोप लागते का?"

"लागते."

"आणि जवळ कोण आहे?"

"जवळ म्हणजे?"

"म्हणजे जवळ. घरात, खोलीत, कुठंही. लोक काहीही सांगतात सर. एक काका आहेत, ते मांजराचं नाव सांगतात. चालतं आम्हाला."

आभाररावानं आजूबाजूला पाहिलं. सहायक होता, पण तो कुणाच्या जवळ आहे असं कुणालाच म्हणता आलं नसतं. तीच त्याच्या नोकरीची पात्रता होती. पाण्याचं यंत्र होतं, ते मधूनच ढेकर द्यायचं. भिंतीवर जुन्या अध्यक्षांचे फोटो होते, सगळे एकाच बाजूला बघणारे, जणू तिकडून कुणी महत्त्वाचा येतोय. "हे नंतर सांगितलं तर चालेल?"

"चालेल की. तोवर डाव मात्र उघडणार नाही."

"राहू दे बंद. आभारी आहे."

"कशाबद्दल?" मुलगी गोंधळली. या फोनवर लोक शिव्या देत असणार; तिची त्याला तयारी असणार. "बरं, ठेवते सर. जेवा." आणि फोन ठेवून ती पोळ्यात परत गेली.

'जेवा' हेही कायद्यात नव्हतं. त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला. छातीत मधोमध काहीतरी कोमट पसरायला लागलं होतं, आणि वयाप्रमाणं त्यानं ते पित्त समजून दुर्लक्षिलं. विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. तो आज इथं आला होता तो हाच फोन बंद पाडायला. लोक ज्याला जुगार म्हणत, सरकार ज्याला ऑनलाइन गेमिंग म्हणे आणि ज्याला त्याची संघटना 'कौशल्याधारित मनोरंजन' म्हणत असे, त्या धंद्याच्या कंपन्यांची बाजू विधिमंडळात मांडायला पगारावर ठेवलेला तो प्रतिनिधी. गेल्या अधिवेशनात झालेल्या कायद्यात एक कलम होतं: खेळाडू सलग फार वेळ खेळत राहिल्यास कंपनीच्या जिवंत माणसाने त्यास फोन करून त्याच्या भोजनाची, झोपेची व जवळ कोणी असल्या-नसल्याची विचारपूस करावी, आणि उत्तर मिळेपर्यंत डाव थांबवावा. कंपन्यांना खाणं-झोपणं याबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. त्यांना खुपत होता एकच शब्द, 'जिवंत'. जिवंत माणसाला पगार लागतो, तो रजेवर जातो, आणि मुख्य म्हणजे जिवंत माणसाशी बोलल्यावर बरेच खेळाडू खरोखरच उठून जेवायला जातात आणि परत येत नाहीत. मशीनच्या आवाजाला मात्र हो म्हणून माणूस तसाच पुढं खेळू शकतो, हे संघटनेनं खर्च करून तपासून घेतलं होतं. कायद्याचा फेरविचार व्हायचा होता, समितीच्या अध्यक्षबाई मनात आणतील तर एक शब्द 'भाषिक दुरुस्ती' म्हणून सहज गळू शकत होता, आणि असे शब्द गाळून घेण्यात आभाररावाचा हातखंडा होता.

आभारराव हे काही त्याचं नाव नव्हतं. पण नावानं त्याला आता कुणी हाक मारत नसे. हे चिकटलं कॉलेजात. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शनाला कुणीतरी लागतं, आणि ज्याला गाता, बोलता, नाचता येत नाही त्याला ते काम देतात. खुर्च्या सरकत असायच्या, लोक चहाकडे निघालेले असायचे, प्रमुख पाहुणे चपला शोधत असायचे, आणि हा ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून मंडपवाल्यापासून सगळ्यांचे आभार मानत असायचा. कुणी ऐकत नसलेल्या जागी मनापासून बोलण्याची जी सवय त्याला तिथं लागली, तीच पुढं पोटापाण्याला आली. राज्यकर्त्यांच्या दालनात जाणारे बाकीचे लोक मागण्या घेऊन जात. हा आभार घेऊन जाई. मागच्या वेळी आपण वेळ दिलात त्याबद्दल आभार. आपण प्रश्न विचारलात त्याबद्दल आभार. विचारला नाहीत त्याबद्दल तर विशेष आभार. आभार म्हणजे ओसरी. तिथं पाहुण्याला बसवायचं, टेकायला लावायचं, आणि मग आतलं दार उघडायचं. त्या दाराचं नाव 'परंतु'. 'आपण या क्षेत्राला दिशा दिलीत याबद्दल आम्ही ऋणी आहोत, परंतु...' आयुष्यभर त्यानं ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं, आणि इतकं सफाईनं की कित्येकदा ताकवाला स्वतःहून म्हणे, भांडं आणलंय ना?

बकऱ्याची युक्ती त्याला उस्तादानं शिकवली. उस्ताद म्हणजे या धंद्यातला जुना माणूस. आता निवृत्त होऊन कुंड्यांना पाणी घालत असतो आणि कुंड्यांशीही अर्ध्या आवाजात बोलतो म्हणतात. "मसुद्यात नेहमी एक बकरा बांध," उस्ताद सांगे. "लोकप्रतिनिधीला काहीतरी कापायचं असतंच रे. त्याशिवाय त्याला आपण काम केलं असं वाटत नाही. तू बकरा दिला नाहीस तर तो तुझी गाय कापेल." म्हणून प्रत्येक मसुद्यात एक कलम असं घालायचं, की जे कापलं जावं हीच आपली इच्छा. पण ते दिसायला कापण्यालायक दिसता कामा नये. त्याला खाऊपिऊ घालायचं, अंगावर मांस चढू द्यायचं, त्याच्यासाठी दोनदा भांडायचं, मग डोळे पुसत सोडून द्यायचं. समोरचा खूष, आपण मोकळे. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही तक्रार बकऱ्यानं करायची, मालकानं नाही. आभाररावानं असे किती बकरे पोसले आणि किती कापून घेतले याचा हिशेब त्याच्याकडेही नव्हता. समितीला त्यानं लिहून दिलेल्या मसुद्यातला 'जिवंत माणसाने फोन करावा' हा त्यातलाच एक. कंपनीनं लोकांना जेवलात का म्हणून विचारायचं! इतकं वेडगळ कलम, की समिती हसून हसून कापेल आणि त्या हसण्याच्या भरात खाली दडवलेली, कंपन्यांच्या सोयीची वेळेची मर्यादा वगैरे तिच्या नजरेतून सुटेल, असा साधा हिशेब होता.

कापणारा माणूसही ठरलेला होता. समितीतला विरोधी बाजूचा एक सदस्य, ज्याला सगळे मागून कात्री म्हणत. बैठकीत त्यानं ते कलम वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. आभारराव तज्ज्ञांच्या खुर्चीत डोळे पुसायची तयारी करून बसला होता. "हे कुणी लिहिलंय?" कात्रीनं विचारलं. मग त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "हे आमच्या पक्षानं फार पूर्वीच मागितलं होतं." त्यासरशी सत्ताधारी बाजूचा एकजण उठला: "तुम्ही? अहो, हे आमच्या जाहीरनाम्याचा आत्मा आहे!" कापायला आणलेल्या बकऱ्याच्या बापपणावरून तिथं हमरीतुमरी झाली, आणि कलम एकमतानं, टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. टाळ्या ओसरल्यावर आभाररावाच्या लक्षात आलं की आपणही वाजवतोय. उस्तादाला हे कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जास्त खायला घातलंस तू त्याला."

घातलं होतं खरं. पण का, ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आत्ता, मांडीवर पालथा फोन घेऊन बसला असताना, अगदी हळूहळू कळत होतं. खोलीत कुणी आल्याचं पावलांवरून नव्हे तर हवेतल्या फरकावरून कळतं, तसं. ते कलम त्यानं लिहिलं त्याच आठवड्यात ताई गेली होती. लिहिताना त्यानं तिचा विचार केला नव्हता. काम होतं, मुदत होती, त्यानं दार लावलं आणि एका दुपारी बकरा लिहून टाकला. सहसा त्याला दोन-तीन खर्डे लागत, या वेळी हात थांबलाच नाही. ताई टेलिफोन खात्यात होती. कानाला यंत्र लावून दिवसभर या गावचं बोलणं त्या गावाला जोडून द्यायची, आणि लोक एकमेकांना मोजक्या मिनिटांत काय सांगतात हे तिला त्यामुळं चांगलं ठाऊक झालं होतं. "माणसं वेळ फुकट घालवतात रे," ती म्हणायची. "हवा कशी आहे विचारतात. हवा काय, खिडकीतून दिसते." आई गेल्यावर त्याला तिनंच वाढवलं. त्याला वसतिगृहात ठेवल्यावर ती कामाची पाळी संपता संपता तिथं फोन लावी. फोन रेक्टरांच्या खोलीत असे, रेक्टर पेपर वाचायचं सोंग करत कान टवकारून बसलेले असत, आणि पलीकडून ताई एका दमात विचारी: "जेवलास? झोप लागते? जवळ कोण आहे?" तो सांगे, हो, हो, रेक्टर आहेत. रेक्टरांच्या पेपरामागून एक हुंकार येई. मग ताई म्हणे, "बरं, ठेवते." त्याला लाज वाटायची. बाकीच्या मुलांचे आईबाप अभ्यासाचं विचारत, बक्षिसांचं विचारत. याच्या बहिणीला पोट आणि उशी यापलीकडे काही सुचतच नसे. पहिली नोकरी लागली त्या दिवशी त्यानं कॉलेजातल्या सवयीनं ताईसमोर उभं राहून म्हटलं होतं, "ताई, तुझे आभार मानावे तेवढे थोडे." ती पोळपाट पुसत होती. "आभार?" ती म्हणाली. "का रे, मी काय सभेला आले होते?" तेव्हापासून त्यानं जगातल्या सगळ्यांचे मानले, तिचे नाही. घरच्यांचे मानायचे नसतात, तसं करणं म्हणजे त्यांना परकं करणं, हे ज्याला त्याला ठाऊक असतं. फक्त न मानलेले ते आभार मग जातात कुठं, हे कुणी सांगत नाही. त्याचे एका बकऱ्याच्या पोटात गेले होते.

छातीतलं कोमट आता गळ्यापर्यंत आलं होतं. हे पित्त नव्हे, हे त्यालाही मान्य करावं लागलं.

"कोण होतं?" सहायकानं विचारलं. बराच वेळ त्यानं उत्सुकता दाबून धरली होती. "तुम्हाला फोन येताना कधी पाहिलं नाही. तुम्हीच करता सगळ्यांना."

"कंपनीचा होता. जेवलात का म्हणून."

"अरे वा! आमच्या सासऱ्यांना येतो हा." सहायकाचा चेहरा पहिल्यांदाच माणसासारखा झाला. "म्हातारे पूर्वी दार लावून खेळत बसायचे. हरले की दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत. सासूबाई गेल्यापासून तसं झालं होतं. आता काय करतात माहितेय? फोन यावा म्हणून खेळतात. फोन आला की आधी चष्मा लावतात. फोनवर बोलायला चष्मा कशाला लागतो, मला सांगा! मग त्या पोरीला सगळं सांगत बसतात. भाजीत मीठ कमी होतं इथपासून. आमच्या हिची बदनामी गावभर."

"आणि मग परत खेळतात?"

"छे. बोलून झालं की पडतात आडवे. घोरतात. मी म्हटलं, अहो, मी विचारतो ना रोज जेवलात का म्हणून. तर म्हणतात, तू विचारतोस ते ताट उचलायला." सहायक हसला, आणि हसणं नोकरीत बसत नसल्याचं लक्षात येऊन पुन्हा कागदांत शिरला.

आभाररावाला हसू आलं नाही. त्याच्या मनात एक वेगळीच शंका सुरू झाली होती. खेळाचं हे खातं त्यानं उघडलं होतं ते लोकप्रतिनिधींना दाखवायला. खोटे पैसे, खोटी टेबलं, 'बघा, किती निरुपद्रवी आहे' असं म्हणायला. ते हातात असल्यामुळं वाट बघताना खेळायला लागला. वाट बघणं हेच काम असल्यामुळं मग कामभर खेळायला लागला. मग गाडीत. मग घरी, जिथं तो कुणाचीच वाट बघत नव्हता. त्यानं कधी दमडी हरली नव्हती, त्यामुळं आपल्याला काही झालंय असं त्याला वाटण्याचं कारणच नव्हतं; ज्यांना होतं ते लोक वेगळे, त्यांच्याविषयी तो भाषणं लिहायचा. पण यंत्राला पैसे खरे की खोटे कळत नव्हते. त्याला फक्त एवढं दिसलं होतं की एक माणूस फार वेळ उठलेला नाही. आणि त्यानं नियमाप्रमाणं एका मुलीला कळवलं, तिनं नंबर फिरवला. इतकंच. आभाररावाला कुणी वाचवलं बिचवलं नव्हतं. तरी त्या राखाडी झापडीखाली गोठलेले पत्ते आठवले आणि त्याला एकदम हलकं वाटलं, जसं कुणी न विचारता हातातलं ओझं घेतलं आणि पुढं चालू लागलं.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. मोठे साहेब म्हणजे संघटनेचे प्रमुख. त्यांचा आवाज नेहमी आत्ताच जेवून उठल्यासारखा असे. "झालं का?"

"आत बोलावलं नाही अजून."

"मी सकाळीच बाईंच्या कानावर घातलंय. नाही म्हणणार नाहीत. त्यांचं अधिवेशन आपल्याशिवाय पार पडत नाही. तुम्ही फक्त आभार माना आणि शब्द काढून घ्या. एकच शब्द आहे, आभारराव."

"दातही एकच काढतात, साहेब."

"मग भूल द्या ना! त्यासाठीच तर तुम्हाला ठेवलंय," म्हणून साहेब स्वतःच्या विनोदावर भरपूर हसले. "शब्द घेऊन या, नाहीतर येऊच नका," असं ते हसता हसताच म्हणाले, पण ते वाक्य संपताना हसू संपलेलं होतं.

अध्यक्षबाईंनी बोलावलं. बाई पूर्वी गणित शिकवत. अजूनही समोरच्या माणसाकडे त्या चुकीच्या पायरीच्या शोधात असल्यासारख्या बघत. कायद्याची प्रत त्यांनी उघडूनच ठेवली होती, 'जिवंत' या शब्दाभोवती पेन्सिलीनं नाजूक गोल केलेला होता. एक रेघ मारायची, की काम झालं. "बसा," त्या म्हणाल्या. "चला, माना आभार."

आभाररावानं सुरुवात केली. सुरुवात त्याला झोपेतही जमली असती. आपण वेळ काढलात त्याबद्दल. आपल्या अध्यक्षतेखाली हा कायदा झाला त्याबद्दल. त्यातही हे कलम आपण कापलं नाहीत त्याबद्दल. इथं खरं तर 'परंतु' यायचा. तो जिभेच्या मागं कुठंतरी रोजच्या जागी असायला हवा होता. त्यानं चाचपून पाहिलं. नव्हता. "या कलमामुळं," तो पुढं म्हणाला, कारण थांबणं बरं दिसलं नसतं, "कुणाच्या तरी घरी फोन वाजतो. बोलणारी मुलगी कंटाळलेली असते. तिला त्या माणसाचं काही पडलेलं नसतं. ती त्याला फक्त विचारते. ते पुरतं, बाई. मला वाटलं नव्हतं, पण पुरतं. त्याबद्दल आभार." आणि वाक्य संपलं. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. आभार मानून झाले की पुढं काहीच नसतं, नुसती शांतता असते, आणि ती वाईट नसते.

बाई पेन्सिल धरून थांबल्या होत्या. "आणि?"

"आणि काही नाही."

"आभारराव, तब्येत बरी आहे ना?"

"हो."

"म्हणजे शब्द काढायचा नाही?"

"नका काढू."

"सकाळी तुमच्या मोठ्या साहेबांचा फोन होता, काढायचा म्हणून."

"असेल. मी नको म्हणतोय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही म्हणजे कोण? कुणाच्या वतीनं?"

हा प्रश्न त्याला या इमारतीत आजवर कुणी विचारला नव्हता. ते नेहमी आधीच माहीत असे. "माझ्या," तो म्हणाला.

या दालनात माणसं संघटनांच्या वतीनं येत, गटांच्या, जिल्ह्यांच्या, समाजाच्या, क्वचित देवाच्याही वतीनं येत. स्वतःच्या वतीनं आलेलं माणूस बाईंनी पाहिलं नव्हतं, आणि त्या घाबरल्या. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "बदल्यात काय हवंय?" त्यांनी सावकाश विचारलं.

"काही नको."

"असं कसं? काहीतरी मागा. एखादी भेट, एखादं शिफारसपत्र. अहो, निदान खुर्ची मोडलीय म्हणून तक्रार तरी करा. त्याशिवाय मला झोप लागायची नाही."

"खुर्ची छान आहे," आभारराव म्हणाला. आणि ती खरोखरच छान होती. इतक्या वर्षांत त्यानं तिच्यावर पाठ टेकली नव्हती.

बाईंनी गोलातल्या शब्दाकडे पाहिलं. साहेब म्हणतात काढा. साहेबांचाच माणूस म्हणतो ठेवा, आणि फुकट म्हणतो. गणितात असं होत नाही; कुठंतरी एक पायरी लपवलेली असणार. त्यांनी रबर घेतलं, शब्दाभोवतीचा गोल काळजीपूर्वक पुसला, भुगा फुंकला आणि घंटी वाजवली. "हे बघ," आत आलेल्या सहायकाला त्या म्हणाल्या, "या शब्दाला कुणी बोट लावायचं नाही. मला न विचारता स्वल्पविराम हलला तरी मला चालणार नाही. काहीतरी आहे यात. जिथं घोळ कळत नाही तिथं आपण हात घालत नाही." मग आभाररावाकडे वळून, आवाज उतरवून म्हणाल्या, "मला नंतर सांगाल ना, काय आहे ते?"

"सांगितलं की आत्ताच," तो म्हणाला. बाईंनी 'तुम्ही मोठे पोचलेले' अशा अर्थी मान हलवली.

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. साहेबांनी आरडाओरड केली नाही, इमारतीचा कायमचा पास परत मागितला आणि विचारलं, "त्यांनी तुम्हाला दिलं तरी काय?" काही नाही, हे उत्तर त्यांनाही पटलं नाही. एवढ्या सगळ्यात त्याला साहेबांविषयी राग आला नाही, याचंच त्याला नवल वाटलं. इतकी वर्षं त्यांनी त्याला दालनांबाहेर बसवून ठेवण्याचा पगार दिला होता. त्या बसण्यातूनच हे निघालं. कुठल्या कुठल्या लोकांचं देणं लागतो आपण, असं त्याच्या मनात आलं, आणि फेडायचं म्हणून नव्हे तर नुसतंच, रात्री डोळे मिटून पडल्या पडल्या, तो एकेकाला आठवत गेला: पेपरामागं हुंकारणारे रेक्टर, चष्मा पुसणारा कात्री, मांजराचं नाव सांगणारा कोण कुठला काका.

फेरविचाराच्या बैठकीला मात्र तो गेला. तज्ज्ञांच्या खुर्चीत या वेळी संघटनेचा नवा प्रतिनिधी होता, चकचकीत, पाठ ताठ. आभारराव सामान्य लोकांच्या रांगेतून, खिसे तपासू देऊन, मागच्या बाकावर येऊन बसला. नव्या प्रतिनिधीनं उत्तम बोलायला सुरुवात केली. यंत्राचा आवाज चोवीस तास उपलब्ध असतो, सगळ्या भाषा बोलतो, कधी वैतागत नाही. सबब 'जिवंत' हा शब्द कालबाह्य आहे. त्याचं सगळं खरं होतं. आभारराव त्याच्या जागी असता तर नेमकं हेच बोलला असता, फक्त आधी आभार मानले असते.

पण या दिवसांत काहीतरी पसरलं होतं. बाईंनी सहायकाला सांगितलं होतं, सहायकानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच ते सगळ्यांना कळलं होतं: त्या शब्दात काहीतरी आहे. कात्री पहिला उठला. "जिवंत या शब्दाला हात लावाल," तो गरजला, "तर गाठ आमच्याशी आहे!" त्याच्या मतदारसंघात फोन करणाऱ्या मुलींचं मोठं कार्यालय नुकतंच उघडलं होतं, हे तो बोलला नाही. सत्ताधारी बाजूचा एकजण म्हणाला, विरोधकांना आज जिवंतपणाचा पुळका आलाय, आम्ही तर पहिल्यापासून जिवंत आहोत. हशा झाला, आणि बोलणाऱ्याला तो हशा नेमका कशाबद्दल ते कळलं नाही. एकाला यंत्रांचे आवाज परकीय वाटत होते. एकजण शेजारचा ज्याच्या विरोधात बोलेल त्याच्या बाजूनं बोलायचं ठरवून आला होता, आणि शेजारी गोंधळल्यामुळं दोन्ही बाजूंनी बोलला. त्या सगळ्यांत एकही माणूस असा नव्हता, की ज्याला जेवल्या-न जेवल्याचं काही पडलं होतं. क्षुद्र, आपापल्या स्वार्थाला घट्ट चिकटलेल्या त्या माणसांच्या हातांवरून तो एक शब्द, न सांडता, न विझता, पुढं पुढं जात होता, आणि आभारराव मागच्या बाकावर हात जुळल्यासारखे मांडीत धरून, त्या प्रत्येकाकडे बघत होता. त्याला त्यांच्याविषयी इतकी माया कधी वाटली नव्हती. चांगल्या कारणांसाठी वाचलेली गोष्ट उद्या चांगल्या कारणांसाठी मरूही शकते, असं त्याला वाटून गेलं. ही स्वार्थापोटी वाचत होती, म्हणजे आता पक्की वाचली.

अध्यक्षबाईंनी टेबलावर पेन्सिल आपटली. "जिवंत कायम," त्या म्हणाल्या, आणि पुढचा विषय घेतला.

टाळी वाजली ती एकट्याची. सगळे वळून बघायला लागले. आभारराव उभा राहून टाळ्या वाजवत होता. बेताच्या, पण थांबत नव्हत्या. मागच्या दाराजवळचा रक्षक लगबगीनं आला.

"काका, इथं लोकांनी टाळ्या वाजवायच्या नसतात."

"माहीत आहे."

"मग का वाजवता?"

"राहवलं नाही."

"चला बाहेर," रक्षक म्हणाला, आणि नियम तसा असल्यामुळं त्यानं त्याचा दंड धरला, जरा घट्टच. समितीत पुढच्या विषयावर भांडण सुरू झालं होतं. बाकांच्या मधून, जिन्यावरून, बाहेरच्या उन्हापर्यंत रक्षकानं तो दंड सोडला नाही, आणि आभाररावानंही तो सोडवून घेतला नाही; कुणीतरी जवळ होतं.